उसनी प्रयोगशाळा

तुमच्या घरी मोठा पाहुणा यायचा आहे आणि फडताळात एकसारखे चार कप नाहीत, तर तुम्ही काय करता? शेजारी जाता ना? मीही जाईन. आमच्या वाडीत तर शेजाऱ्याकडेही जावं लागत नाही, कारण आमच्याकडे मंडळाची भांडी आहेत. मुंबईला कामाला गेलेल्या वाडीतल्या माणसांनी कधी काळी वर्गणी काढून घेतलेली ताटं, पेले, पराती आणि आत लहान मूल बसेल एवढाली टोपं विहाराच्या मागच्या खोलीत असतात. प्रत्येकाच्या काठावर मंडळाचं नाव कोरलेलं. लग्न असो, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, जयंतीचं जेवण असो, चावी मागायला माणूस आमच्या दारात यायचा, कारण मंडळाचे गावचे सचिव माझे बाबा. भांडी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, मग तो आपल्या वाडीतला असो की वरच्या, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो कोणी मोडल्याचं मला आठवत नाही. हे प्रकरण त्या भांड्यांचं आहे आणि माझ्या मोठ्या बहिणीच्या शिक्षणाचं आहे.

आठवणी म्हातारपणी लिहायच्या असतात, असं मला एका जाणत्या माणसाने ऐकवलं. मी अजून तिशीही गाठलेली नाही. पण आमच्या बाजूला पोरींचं तरुणपण लवकर आटोपतं, मग ते लिहायला म्हातारपणाची वाट कशाला बघायची?

बाबा लांज्याच्या एका छापखान्यात मशीन चालवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बागायतदारांची लेबलं आणि पत्रकं. सगळ्या पक्षांची, सगळ्या संघटनांची, एकमेकांना शिव्या देणारी पत्रकं त्याच एका मशीनमधून निघायची. शाई पसरलेली, वाकडी छापलेली पानं बाबा संध्याकाळी पिशवीतून घरी आणायचे. त्यांची एक बाजू कोरी असायची आणि ती आमची वही. मी पाढे कुठल्याशा जाहीर निषेधाच्या पाठीवर लिहिले. फडताळात तेच कागद, सुकटीच्या डब्याखाली तेच कागद, आणि चुलीशेजारच्या भिंतीवर ताईने एका निवडणुकीच्या पत्रकामागे उतरवून चिकटवलेला मूलद्रव्यांचा तक्ता, धुराने पिवळा झालेला. मला वाचता यायला लागलं ते पुस्तकातून नव्हे. ‘बंधू आणि भगिनींनो’ हे मी वाचलेले पहिले शब्द. मी अजूनही तशीच लिहिते, ओरडून, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

वाडीची पत्रकं बाबा स्वतः लिहायचे. रस्त्याचं, पाण्याच्या टाकीचं, एसटी बंद झाल्याचं. जेवणं झाल्यावर आम्हाला वाचून दाखवायचे आणि आईला विचारायचे, “कसा झालाय?” आई म्हणायची, “लय रडलायस. मागितलंस काय ते सांग.” मग बाबा मान हलवून शेवटी एक ओळ वाढवायचे. त्यांचं ठरलेलं असायचं, पत्रकाच्या शेवटी मागणी पाहिजे. वाचणाऱ्याने कागद खाली ठेवल्यावर करायचं काय, हे त्याला कळलं पाहिजे.

आई काजूच्या कारखान्यात जायची. काजूच्या टरफलातून जे काळं तेल निघतं ते बोटांना भाजतं. कारखान्यात हाताला फासायला राख असायची, ती पुरायची नाही. आईच्या बोटांची टोकं काळी आणि कडक झाली होती; माझ्या डोक्याला तेल लावताना ती केसांत अडकायची. मोसमात आमच्या घराला तीन वास यायचे. बाबांच्या कपड्यांना शाईचा, आईच्या लुगड्याला काजूच्या धुराचा आणि अंगणात कुजणाऱ्या काजूच्या बोंडूंचा. संध्याकाळी ओल्या काजूगरांची आमटी आणि तांदळाची भाकरी असायची. पुण्यामुंबईची माणसं त्या आमटीला मेजवानी म्हणतात. आम्हाला ती परसातल्या झाडावर फुकट मिळायची म्हणून आम्ही खायचो.

ताई, म्हणजे सुजाता, कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला लागली आणि पहिल्याच वर्षी एकदा आईचा हात हातात घेऊन म्हणाली, “आये, तुझ्या बोटांना जे भाजतं ना, ते फिनॉलच्या जातीचं आहे.”

आई हात सोडवून घेत म्हणाली, “तेलालाबी जात हाय काय गो? मला वाटला आपल्यालाच.”

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पण ताई हसली नाही. तिने ते मनावर घेतलं होतं. तिसऱ्या वर्षाला प्रकल्प करायचा असतो आणि तिचा प्रकल्प ठरलेला होता. टरफलाच्या तेलात नक्की काय असतं आणि राखेपेक्षा बरं, बायकांना परवडेल असं हाताला लावायला काय करता येईल. तिच्या सरांनीही होकार दिला होता. आईला ती सांगायची, “पुढच्या वर्षी बघ.” आई म्हणायची, “बघू.” पण कारखान्यातल्या बायकांना आईनेच ते सांगून ठेवलं होतं, हे आम्हाला त्या बायकांकडून कळलं.

आमचं कॉलेज सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर होतं. मीही तेव्हा तिथेच अकरावीला होते. नाव लिहीत नाही. अशी कॉलेजं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. सरकारने ते बंद केलं नव्हतं. बंद करायचं तर हुकूम काढावा लागतो, हुकमावर कोणाची तरी सही लागते आणि त्या सहीविरुद्ध पत्रक काढता येतं. सरकार फक्त रिकामी झालेली जागा भरत नाही. सर निवृत्त होतात, हार घातला जातो, भाषणं होतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची रिकामी. रसायनशास्त्राचे दोन्ही कायम सर असेच गेले. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला तर अनुदान कधी मिळालंच नव्हतं. तो संस्था आपल्या जिवावर, म्हणजे पोरांच्या फीवर चालवायची. प्रयोगशाळेतला केसाचंही वजन दाखवणारा तराजू कधीचा बिघडून फडक्याखाली झाकून ठेवला होता. नळाला पाणी नव्हतं, कारण सड्यावर पाणी चढवणारा पंप जळाला होता. छत गळायचं आणि त्या गळतीखाली एक निळी बादली बारा महिने असायची. पावसाळा गेला तरी ती कोणी उचलत नसे, पोरं तिला वळसा घालूनच चालायची.

शिकवायला मुकादम सर होते. खाडीकाठच्या गावातून मोटरसायकलवर यायचे. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासाचेच पैसे, तेही सरकारच्या मर्जीने, कधीतरी. म्हणून आमच्याकडचे तास संपले की देवरूखच्या बाजूला दुसऱ्या कॉलेजात जायचे. एमएस्सी, पात्रता परीक्षा पास, आणि आंब्याच्या मोसमात रस भरण्याच्या कारखान्यात कामाला. पोरांनी विचारलं, “सर, सुट्टीत काय केलंत?” तर म्हणायचे, “संशोधन. एका डब्यात किती रस मावतो त्यावर.” त्यांच्यासारखं शिकवणारं मी नंतर मोठमोठ्या शहरांतही फार पाहिलं नाही.

ताई दुसऱ्या वर्षाला असताना संस्थेने सांगितलं की आता झेपत नाही. तिसऱ्या वर्षाला अनुदान मिळून जागा भरल्या तर ठीक, नाहीतर येत्या जूनपासून तो वर्ग बंद. अर्ज गेले होते. एक समिती येऊन कॉलेजला मदतीची गरज आहे का ते पाहणार होती. तिने हो लिहिलं तर ताईचं तिसरं वर्ष इथेच होणार होतं, घरची भाकरी खाऊन. नाही लिहिलं तर रत्नागिरी किंवा चिपळूण, आणि तिथे राहायचं कुठे आणि कशावर, याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडे नव्हतं.

बाबांनी पत्रक काढलं. ते त्यांचं सगळ्यात चांगलं पत्रक. एकही विशेषण नाही. कोणते सर गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही, तराजू, पाणी, छत, बादली, सगळं जसंच्या तसं. आईने या वेळी ‘लय रडलायस’ म्हटलं नाही. शेवटी मागणी होती, ‘समितीने यावे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहिलेले लिहावे.’ खाली नाव न घालता नुसतं ‘सचिव’ लिहिलं, आणि आम्ही दोघी बहिणींनी ते लांज्याच्या स्टँडवर आणि बाजारात वाटलं.

आणि मग कॉलेजात रंगरंगोटी सुरू झाली.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे, तरी सांगते. कॉलेजला समित्यांची सवय होती. पण तोवर आलेल्या सगळ्या समित्या काय आहे ते पाहायला यायच्या. काही कमी दिसलं की दंड, ताशेरे, मान्यता काढून घेण्याची धमकी. त्यामुळे समिती म्हटलं की दडवायचं आणि सजवायचं, हे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या अंगात मुरलं होतं. ही पहिलीच समिती अशी होती की जिला काय नाही ते दाखवायचं होतं. ते कसं करतात, हे कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय आपण कोकणातली माणसं. पाहुण्यासमोर फाटकं काढून बसायचं हे आपल्याला जमत नाही. घरात आज काय शिजणार हे ठरलेलं नसलं तरी दारात आलेल्याला आपण जेवूनच जा म्हणतो.

मी व्हरांड्यात चंचुपात्रं घासत बसले होते तेव्हा मुकादम सर प्राचार्यांना म्हणाले, “सर, या वेळी जसं आहे तसं दाखवूया. ती बादलीसुद्धा राहू दे.”

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांचा सदरा कायम घामाने पाठीला चिकटलेला असायचा. ते म्हणाले, “आणि त्यांनी तेच लिहून नेलं आणि आहेत त्या दोन वर्षांचीही मान्यता काढली तर? मुकादम, तुमचं काय जातंय? तुम्ही तासावर.”

“म्हणूनच बोलू शकतो, सर,” मुकादम म्हणाले. “इथे बाकी सगळ्यांचं काहीतरी जातंय.”

दुसऱ्या दिवशी देवरूखहून तराजू आला, मुकादम सरांच्याच मोटरसायकलवर, गोधडीत गुंडाळून, मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर. लांज्याच्या एका शाळेतून काचेची भांडी आली. बर्नर पेटावेत म्हणून प्राचार्यांनी स्वतःच्या घरचा सिलिंडर आणला. त्यांच्या बायकोने तीन दिवस चुलीवर स्वयंपाक केला असं म्हणत होते. निवृत्त झालेले दोन्ही सर त्या दिवसापुरते कोट घालून येणार होते. भिंतींना आणि छताला चुना लागला, छतावरचा डाग त्याखाली गेला. आणि संध्याकाळी कॉलेजचा शिपाई आमच्या अंगणात उभा राहिला. समितीच्या जेवणासाठी मंडळाची ताटं आणि पेले हवे होते.

बाबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, खुंटीवरची चावी काढली. मी म्हटलं, “बाबा, तुमचंच पत्रक आणि तुमचीच ताटं?”

“ताटाचा आनि पत्रकाचा काय संबंध?” बाबा म्हणाले. “मानसा जेवनार हायत. जेवून उठल्यावर खरा लिहितील.”

त्यांचा तसा खरोखरच विश्वास होता. आजही तो आठवला की मला बाबांचा राग येत नाही.

समिती आली त्या सकाळी आम्ही अकरावीच्या पोरी गच्चीवर होतो. नळ चालले पाहिजेत म्हणून खालच्या विहिरीवरून पाणी काढून, जिन्यावर रांग करून, कळशा हातोहात वर देऊन टाकी भरत होतो. ऊन चढलं होतं, कातळ तापला होता, आणि आम्ही मजेत होतो, हे मला लिहिलंच पाहिजे. लग्नघरासारखं वाटत होतं. कोणीतरी गाणं म्हणत होतं, कोणीतरी कोणाच्या तरी पाठीवर थंड पाणी ओतलं. खालून मुकादम सर ओरडले, “पोरींनो, पटापट. आज आपण श्रीमंत आहोत. संध्याकाळी सगळ्या वस्तू परत करून पुन्हा गरीब व्हायचं आहे.” आम्ही हसलो. सर मात्र हसत नव्हते.

टाकी भरल्यावर मी रिकामी कळशी घेऊन मागच्या जिन्याने उतरले आणि प्रयोगशाळेच्या खिडकीशी थांबले. समितीत तिघं होते. अध्यक्ष वयस्कर, मवाळ आवाजाचे, हातात कोकम सरबताचा पेला आणि त्याच्या काठावर आमच्या मंडळाचं नाव. पोरं आपापल्या टेबलाशी उभी होती. पेटलेले बर्नर, झळकणारा तराजू, भिंतीशी कोट घातलेले दोन सर. मला ती आपली प्रयोगशाळा वाटेना. बादलीच्या जागी जमिनीवर फिकट गोल डाग होता, तेवढाच ओळखीचा.

अध्यक्षांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मी तो लांबूनही ओळखला असता. “हे सकाळी लांज्याला चहाच्या टपरीवर हातात पडलं,” ते म्हणाले. “यात लिहिलंय की इथे तराजू चालत नाही, नळाला पाणी नाही.” ते वळले आणि सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी विचारलं. ती ताई होती. “बाळ, तू रोज इथे शिकतेस. तूच सांग. पाणी आहे की नाही?”

ताईने त्या कागदाकडे पाहिलं. मग प्राचार्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला दिसत होतं, तिलाही दिसत असणार. मुकादम सरांनी मान खाली घातली होती. त्यांनी तिला डोळ्यांनीही काही सुचवलं नाही. ताईने हात पुढे केला आणि शेजारचा नळ सोडला.

पाणी आलं. धो धो आलं, कारण टाकी आम्ही काठोकाठ भरली होती.

अध्यक्ष हसले. “म्हणजे हे लिहिणाऱ्याला काही माहिती दिसत नाही.”

“नसेल, सर,” ताई म्हणाली.

मग सगळे जेवायला गेले. आमच्या ताटांत वडे, काजूची उसळ, सोलकढी. त्यांनी पोटभर खाल्लं आणि जाताना पोरांचं कौतुक केलं, खोटं नव्हे, मनापासून.

संध्याकाळी आमच्या घरी चूल पेटायच्या आधी ताईने बाबांना सगळं सांगितलं. लपवलं नाही, सावरून घेतलं नाही. बाबा ओट्यावर बसून परत आलेली ताटं पुसत होते. मग त्यांनी विचारलं, “पण नळाला पानी आला कुठना?”

“आम्ही भरलं,” मी म्हटलं. “टाकीत. कळशांनी.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. “असा,” म्हणाले. “मंग पत्रक खोटाच पडला.”

आई आतून बाहेर आली. तिला एवढं तापलेलं मी क्वचित पाहिलं होतं. “मंग काय बोलनार होती ती? चार परक्या मानसात, सरांच्या तोंडावर, की आमच्या घरात काय नाय म्हनून? लहानपनापासना तूच शिकवलास ना, पावन्यासमोर रडायचा नाय? तू स्वता ताटा दिलास. पोरीने पानी दिलान.”

“मी काय बोललो तिला?” बाबा म्हणाले.

“नाय बोललास. तेच.”

बाबांनी उरलेली ताटं पुसली आणि विहारात ठेवायला निघाले. ताई त्यांच्या मागून पेल्यांची पाटी घेऊन गेली. दोघं बांधावरून पुढेमागे चालली होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. मी अंगणातून बघत होते. आजवर मी कितीतरी सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले. हरणं काय असतं हे विचाराल तर माझ्या डोळ्यांसमोर ती दोघं येतात.

मे महिन्यात समितीचं उत्तर आलं. प्राचार्यांनी पोरांना बोलावून स्वतः वाचून दाखवलं. सुरुवातीला कौतुक होतं. ग्रामीण भागात असूनही सुसज्ज प्रयोगशाळा, अनुभवी अध्यापक, शिस्तबद्ध विद्यार्थी. आणि मग, संस्था स्वबळावर सक्षम असल्याने अनुदानाची व नवीन पदांची आवश्यकता दिसत नाही. ‘स्वबळावर सक्षम’ हे दोन शब्द प्राचार्यांनी दोनदा वाचले, पहिल्यांदा नीट कळले नसावेत तसे. मग त्यांनी चष्मा काढला. जूनमध्ये तिसरं वर्ष बंद झालं. मुकादम सरांचे तास संपले; निरोप समारंभ झाला नाही, कारण तासावरच्या माणसाला निरोप देत नाहीत.

तुम्ही विचाराल, सरकारची शिष्यवृत्ती असते ना? असते. आमच्यासाठी तर आहेच, आणि ती मेहेरबानी नव्हे, आमच्या आधीच्या माणसांनी भांडून घेतलेला हक्क आहे. पण ती ज्या वर्षासाठी असते ते वर्ष संपल्यावर येते. कधी त्याच्या पुढचं वर्षही संपतं. रत्नागिरीच्या कॉलेजात ताईला प्रवेश मिळत होता. मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा भरलेल्या होत्या. बाहेर खोली घेऊन राहणाऱ्यांना भत्ता मिळतो, असं समाजकल्याण कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, आणि तो कधी मिळतो असं बाबांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मिळतो हो. आला की मिळतो.” खोलीवाल्याला दर महिन्याला द्यावं लागतं. खाणावळीला द्यावं लागतं. पोटाला कोणी थांब म्हणू शकत नाही, पुढच्या मार्चमध्ये तुझे येणार आहेत म्हणून. आईने कारखान्यात उचल मागून पाहिली. बाबांनी मुंबईच्या मंडळाला कळवलं, त्यांनी पोरीचा सत्कार करू असं कळवलं. ताई ऑगस्टपर्यंत वाट बघत घरी बसली. मग एक दिवस तिने चुलीशेजारचा मूलद्रव्यांचा तक्ता काढला, घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेली.

ती अजून तिथेच आहे. एका रसायनाच्या कारखान्यात पॅकिंगला. कंपनीची बस पाळीप्रमाणे नेते-आणते. ड्रमांवर जी नावं असतात ती तिला वाचता येतात, त्यांची सूत्रं मांडता येतात, त्यातलं काय नाकात गेलं तर काय होतं हेही कळतं. हे कळण्याचा पगार वेगळा नाही. तिचे हात आता आईसारखे दिसायला लागले आहेत. आईच्या कारखान्यात बायका अजून राखच फासतात. मी कला शाखेला गेले, कारण तिला तराजू लागत नाही, आणि लिहायला लागले. ताईच्या डोळ्याला डोळा भिडवून मी अजून तिला विचारलेलं नाही की त्या दिवशी नळाला हात लावताना तिच्या मनात काय होतं. विचारून मी करणार काय?

हे सगळं मागे पडलं असतं तर मी लिहायला बसले नसते. परवा बाबांच्या फोनवर निरोप आला. त्याच कॉलेजला पुन्हा समिती येते आहे. आता विज्ञान नाहीच. कला शाखेच्या रिकाम्या जागा भरायची गरज आहे का, ते पाहणार आहेत. ऐन पावसात येत आहेत. ग्रंथालयात चार ठिकाणी बादल्या आहेत, म्हणून समितीला शेजारच्या शाळेच्या नव्या सभागृहात बसवायचं ठरलंय, पुस्तकं दुसरीकडून आणून मांडायचं ठरलंय. आणि मंडळाची ताटं हवी आहेत.

बाबांनी ताटं दिली नाहीत असं लिहायला मला फार आवडलं असतं. ताटं गेली. बाबा थकले आहेत, छापखाना बंद पडला आहे, आणि भांडी मागायला आलेल्याला नाही म्हणणं त्यांना या वयातही येत नाही. मी चिडून ताईला फोन केला. म्हटलं, मी पत्रक काढते. मागे कंपनीच्या भोंग्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, “काढू नको गो बारके. समिती पत्रक वाचते. पण मग इकडेतिकडे बघते आणि बघितलेलं खरं मानते.”

तिचं बरोबर असेल. यातून काही होईल असं मलाही खरं तर वाटत नाही. पण मी छापखान्यातल्या माणसाची मुलगी आहे, कोऱ्या बाजूवर लिहायला शिकले आहे, आणि मागणी न लिहिता कागद संपवायचं मला येत नाही. म्हणून ही माझी मागणी, आणि ती सरकारकडे नाही. तुमच्या गावच्या कॉलेजला, शाळेला अशी समिती येईल तेव्हा तुमच्याकडेही कोणीतरी काहीतरी मागायला येईल. ताटं मागितली तर जरूर द्या. आलेल्या माणसाला पोटभर जेवू घाला. तराजू देऊ नका. पुस्तकं देऊ नका, सभागृह देऊ नका, एका दिवसापुरते कोट घालून भिंतीशी उभे राहू नका. टाकी भरू नका. त्या दिवशी स्वतः तिथे जा आणि गळक्या छताखालची बादली आहे तिथेच राहू द्या. कोणी ती उचलायला लागलं, तर तिच्यापाशी उभे राहा.